आजीच्या कॅसेट, गल्लीतला क्लॅरिनेट आणि हक्कांचा कागद

प्रश्न थोडक्यात असा आहे. पारोळा तालुक्यातल्या एका शिक्षिका ताईंना माहेरच्या पत्र्याच्या पेटीत आजीच्या आवाजातल्या काही कॅसेट मिळाल्या. आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची गाणी, कानबाई या खान्देशातल्या देवीची गाणी, जात्यावरच्या ओव्या. १९९७ च्या सुमारास मोठ्या काकांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर भरलेल्या. आजी आणि काका दोघंही आता नाहीत. एका म्युझिक कंपनीला हे कळलं. तिने गाण्यांवर बीट टाकून ती बाजारात आणायची तयारी दाखवली आहे आणि एकरकमी पैसे देऊन सगळे हक्क मागितले आहेत. ताई विचारतात: हक्क द्यावेत का? हल्ली गाण्याचा पैसा येतो तरी कुठून? आणि एवढी वर्षं रेकॉर्डिंगच्या धंद्यात असलेल्या माणसाला स्वतःला कोणते आवाज आवडतात?

ताई, शेवटचा प्रश्न आधी घेतो. कोणता आवाज आपल्याला का आवडतो हे नीट कळलं की कंपनीला काय सांगायचं तेही कळतं.

मी बँडवाल्यांच्या घरातला. आधी वाजवलं, रेकॉर्डिंगला नंतर लागलो. त्यामुळे पहिला मान लग्नाच्या बँडमधल्या क्लॅरिनेटचा, आणि तो गल्लीत ऐकलेला. आपल्याकडच्या जुन्या गावांत धाब्याची घरं एकमेकांना लागून असतात. वरात गल्लीत शिरली की आवाज दोन्हीकडच्या भिंतींवरून परत येतो, ढोलाचा ठोका घट्ट होतो आणि क्लॅरिनेटचे वरचे सूर सगळ्यांच्या डोक्यावरून निघून जातात. लग्नसराई एप्रिल-मेची. जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ पर्यंत जातो. त्या उन्हात वाद्य तापतं, नळीतली हवा तापते आणि सूर चढतो. तोंडाजवळचा बॅरलचा तुकडा केसभर बाहेर ओढला की नळी लांब होते, सूर खाली येतो. जुने वाजवणारे हे चालता चालता, दोन ओळींच्या मध्ये, गाणं न थांबवता करायचे. पण बरेचदा कोणीच काही ओढत नसे आणि सगळा बँडच मिळून थोडा थोडा चढत जायचा. संध्याकाळपर्यंत सगळा ताफा सकाळपेक्षा वरच्या सुरात वाजत असायचा आणि मांडवातल्या माणसाला त्याचा उत्साह जाणवायचा. मग बँडच्या गाडीवर कॅसिओ, म्हणजे विजेवरचा कीबोर्ड आला. त्याचा सूर उन्हाने हलत नाही. तेव्हापासून क्लॅरिनेटवाल्याला कॅसिओच्या सुराशी जुळवून घ्यावं लागतं. वाजवणं सोपं झालं, ऐकणं मात्र मला तितकंसं गोड वाटत नाही.

दुसरा आवाज पावरी या फुंकून वाजवायच्या वाद्याचा. साक्री, नवापूरकडचे कोकणा आदिवासी मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचा उत्सव करतात, तेव्हा ती वाजते. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, सांधायला मेण. वाजवणारा गालात हवा साठवून नाकाने श्वास घेतो, त्यामुळे सूर तुटतच नाही. नाचणारे दमतात, पावरी दमत नाही. तिचं रेकॉर्डिंग करताना मी मायक्रोफोन वाद्याच्या तोंडाशी कधीच लावत नाही. थोडं लांब, नाचणाऱ्यांच्या पायांचा आवाज येईल इतक्या अंतरावर ठेवतो. पाय काढून टाकले तर पावरी कशासाठी वाजते आहे तेच कळत नाही. सातपुड्यात अक्कलकुव्याजवळच्या काठीच्या होळीतही तसंच. मोठे ढोल तर आहेतच, पण कमरेला बांधलेले वाळके भोपळे आणि घुंगरं शेकडो अंगांवर एकदम हलतात त्याचा जो खळखळाट उठतो तो कुठल्याही कीबोर्डमध्ये मिळणार नाही.

गिरणीचा पुकपुक आवाज, पहाटे आकाशवाणी सुरू होताना लागणारी वॉल्टर कॉफमन यांची ती धून, वहीगायन या रात्रभराच्या लोकगायनातला डफ, हे सगळे आवडीचेच. पण लांबवत नाही. तिसरा महत्त्वाचा आवाज तुमच्या पेटीत आहे.

आखाजीला लेकी माहेरी येतात, गौराई बसते, निंबाला झोका बांधतात. त्या वेळी बाया जे गातात ते एका सुरात नसतं. प्रत्येकीचा सूर दुसरीपेक्षा किंचित वर किंवा खाली असतो. एकीचा श्वास संपतो तिथे दुसरी ओळ उचलते. ओळीचा शेवटचा स्वर धरून ठेवत नाहीत, सोडून देतात, तो घरंगळत खाली जातो. आणि लय ठरवतो झोका. झोक्याला जाऊन यायला किती वेळ लागेल ते दोराच्या लांबीवर असतं, बसणारी जड की हलकी याने फरक पडत नाही. चार मीटरचा दोर असेल तर एक फेरी साधारण चार सेकंदांची. दोर लांब तर गाणं संथ, आखूड तर चलाख. एकाच गावात दोन निंबांखाली तेच गाणं दोन लयींत ऐकू येतं ते यामुळे. तुमच्या कॅसेटवर दोर फांदीवर करकरत असेल, मध्येच कोणी पोर रडत असेल, आजी गाता गाता सुनेला काही सांगत असेल. ते सगळं त्या गाण्याचा भाग आहे.

आता कंपनी म्हणते बीट टाकू. बीट टाकायचं म्हणजे आधी गाणं ठरावीक ठेक्यावर बसवायचं. संगणकावर आजीचा आवाज जागोजागी ओढून-दाबून ठेक्याला आणायचा, मग सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर चालवून तो घरंगळणारा स्वर सरळ उभा करायचा. मी हे काम करून देणारा माणूस आहे, म्हणून सांगतो: तांत्रिकदृष्ट्या होतं सगळं. पण जे उरतं त्यात झोका नसतो. आजीची ओळख पटावी एवढा आवाजही कधी कधी उरत नाही. तशा ठेक्यावरची गाणी हवी असतील तर ती नव्याने गाऊन घ्यावीत, त्यासाठी घरात कोणी भाची-पुतणी गाणारी असेलच. मला ठेक्यावरच्या गाण्यांचा राग नाही, त्यांच्यावर माझंही घर चालतं. पण आजीच्या टेपला हात लावू देऊ नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

हक्क कुणाकडे असावेत याचं उत्तर धंदा कसा बदलला त्यात आहे.

रेकॉर्डिंग येण्यापूर्वी आपल्याकडे पैसा हजेरीचा होता. कापूस विकला गेला, लोकांच्या हातात पैसा आला की तमाशाचे फड आणि नाटक कंपन्या खान्देशात उतरायच्या. नाटक कंपनी चालवणाऱ्या मास्टर दीनानाथ मंगेशकरांची सासुरवाडी आपल्या शिरपूर तालुक्यातलं थाळनेर. बँड, सनई, वहीमंडळ, सगळ्यांना सुपारी मिळायची, वाजवलं की पैसे हातात. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांत संपायची. रात्रभर चालणारं वहीगायन त्यात मावणार कसं? त्यामुळे तबकडीच्या काळात आपल्या मंडळींचं फार काही बिघडलं नाही आणि फार काही साधलंही नाही.

खरा बदल कॅसेटने केला. टी-सिरीज १९८३ मध्ये सुरू झाली आणि स्वस्त कॅसेट देशभर पोचल्या. साठ-नव्वद मिनिटं एका डबीत. डबल डेक आणि कोऱ्या कॅसेटचा गठ्ठा असला की तालुक्याच्या गावातला माणूसही कंपनी काढू शकत होता. एसटी स्टँडवरच्या टपऱ्यांत अहिराणी गाणी, कीर्तनं, विनोदी बतावणी मिळू लागली. आपली बोली विकली जाते हे पहिल्यांदा कॅसेटने दाखवलं, आणि त्याबद्दल मला त्या काळाचं मनापासून कौतुक आहे. पण व्यवहार कसा व्हायचा? गाणाऱ्याला एकदाच ठरलेली रक्कम, जाण्या-येण्याचं भाडं, जेवण, आणि एका छापील कागदावर सही. त्या कागदाची प्रत गाणाऱ्याकडे क्वचितच असायची.

पुढे व्हीसीडी आल्या, मालेगावचे विनोदी सिनेमे घराघरांत गेले. मग मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्डमध्ये गाणी भरून मिळू लागली. ते पैसे दुकानदाराचे. गाणाऱ्याचा त्यात काही संबंधच नव्हता. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, इंटरनेट स्वस्त झालं आणि गाणं विकत घेणं संपलं. गाणं आता ऐकायला फुकट असतं आणि पैसा जाहिरातीतून किंवा महिन्याच्या वर्गणीतून येतो. तेव्हा झालं असं की कॅसेटच्या काळातली गाणी ज्यांच्याकडे ते सहीचे कागद होते त्यांनी यूट्यूबवर टाकली. आज त्यांना लाखो लोक ऐकतात. ज्यांनी ती गायली त्यातल्या काही बाया अजून शेतात जातात आणि त्यांच्या नातवाच्या मोबाइलवर त्यांचं गाणं लागतं तेव्हा त्याचा एक पैसा त्यांच्याकडे येत नाही. अशा घरांत मी बसलेलो आहे. हक्काचा कागद हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे तो यामुळे.

२९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली तेव्हा आपल्या खेड्यापाड्यांतल्या किती तरी पोरांचे लाखांत गेलेले फॉलोअर एका रात्रीत नाहीसे झाले. गाणी ऐकायच्या अॅपचंही तसंच: स्पॉटिफाय भारतात २०१९ मध्ये आलं, विंक २०२४ मध्ये बंद झालं. दुकानं येतात-जातात. तुमच्याकडे मूळ रेकॉर्डिंग, म्हणजे मास्टर, आणि त्याचा कागद असेल तर पुढच्या दुकानात पुन्हा माल लावता येतो.

आता पैशाचं खरं चित्र. यूट्यूबवर जाहिरातीतला वाटा मिळायला चॅनेलचे १,००० सबस्क्राइबर आणि गेल्या १२ महिन्यांत ४,००० तास पाहिलं जाणं लागतं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सवर एक कोटी व्ह्यूज. मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीचे ५५ टक्के चॅनेलवाल्याला मिळतात, शॉर्ट्सवर ४५ टक्के, आणि तेही वापरलेल्या संगीताचा हिशेब वजा झाल्यावर. आपला श्रोता बहुतेक भारतातला, इथे जाहिरातीचा दर कमी, त्यामुळे व्ह्यूजचा आकडा डोळे दिपवतो तेवढा बँकेतला आकडा दिपवत नाही. स्पॉटिफायवर २०२४ पासून एखादं गाणं वर्षभरात १,००० वेळा ऐकलं गेलं नाही तर त्याला काहीच मिळत नाही. आखाजीचं गाणं वर्षातून पंधरा दिवस ऐकलं जातं, हे लक्षात घ्या.

मग अहिराणी गाण्यांना कोट्यवधी व्ह्यूज मिळतात त्यांचं काय? मिळतात, आणि मला त्याचा अभिमान वाटतो. पण त्यातल्या गाणाऱ्यांची कमाई बहुतांशी स्टेजवरची आहे. गाणं चाललं की हळदीला, कानबाईच्या जागरणाला, गणपती-नवरात्राला बोलावणी येतात, आणि ती फक्त धुळ्या-जळगावातून येत नाहीत. सुरतेत उधना-लिंबायत भागात खान्देशी वस्ती किती मोठी आहे ते तुम्हाला माहीत आहे. नाशिक, पुणे, कल्याणलाही तसंच. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते त्या दोन-तीन दिवसांत चांगल्या गाणाऱ्याला तारखा पुरत नाहीत. म्हणजे तबकडी, कॅसेट, मोबाइल असं सगळं फिरून पैसा पुन्हा हजेरीवर आला आहे. रेकॉर्डिंग आता ओळख करून देतं आणि पोट हजेरीवर भरतं.

तुमची आजी हजेरी लावू शकत नाही. म्हणून तुमच्या बाबतीत सगळी किंमत त्या टेपमध्ये आणि तिच्या हक्कात आहे. इथून पुढे नीट वाचा.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे गाण्यात शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग यांचे हक्क वेगवेगळे असतात. आखाजी-कानबाईची परंपरेची गाणी असतील तर शब्द आणि चाल कुणा एकाची नाही. ती कंपनी उद्या दुसऱ्या गायिकेकडून तीच गाणी गाऊन घेऊ शकते, तुम्हाला विचारायचीही गरज नाही. तरीही ती तुमच्या दारात आली आहे, कारण तिला हवी आहे ती टेप. तो आवाज, तो काळ. त्यावरचा हक्क, ज्याने रेकॉर्डिंगचा पुढाकार आणि जबाबदारी घेतली त्याचा, म्हणजे तुमच्या काकांचा आणि आता त्यांच्या वारसांचा. रेकॉर्डिंग प्रकाशित झालं की पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं तो चालतो. तुमची टेप अजून प्रकाशितच झालेली नाही, म्हणजे ती साठ वर्षं मोजायला सुरुवातही झालेली नाही. शिवाय गाणारीचा स्वतंत्र हक्क असतो, तो ५० वर्षांचा. म्हणून सगळ्यात आधी काकांची मुलं आणि आजीचे इतर वारस यांना एकत्र बसवा आणि कोण काय करणार, पैसा आला तर कसा वाटायचा हे साध्या मराठीत लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. पैसा आल्यावर हे बोलणं अवघड जातं.

आजीने ओव्यांमध्ये बहिणाबाईंच्या ओळी गायल्या असतील, आपल्याकडे पुष्कळ बाया गातात, तर त्याची भीती बाळगू नका. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या, त्यांच्या कविता पुस्तकरूपाने १९५२ मध्ये आल्या. साठ वर्षांचा हिशेब २०१२ अखेर संपला, शब्द खुले झाले. मात्र त्याच ओळी एखाद्या संगीतकाराने बांधलेल्या प्रसिद्ध चालीत गायल्या असतील तर चालीचा हक्क त्या संगीतकाराचा असतो. तेवढं ऐकून वेगळं काढा. आणि भाचीने नवे शब्द रचले किंवा नवी चाल बांधली तर त्या कामासाठी तिने आयपीआरएस या संस्थेत सभासद व्हावं. १९६९ पासूनची गीतकार-संगीतकारांची संस्था आहे. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा त्याच्याकडून काढून घेता येत नाही. फक्त गाणारे आणि फक्त वाजवणारे यांची सोय तिथे नाही, हे गैरसमज टाळण्यासाठी सांगतो.

कंपनीने पाठवलेल्या मसुद्यात बहुधा असं असेल: सर्व हक्क, कायमचे, संपूर्ण जगासाठी, सध्याच्या व भविष्यातील सर्व माध्यमांसाठी. त्यातला एकेक शब्द मुद्दाम घातलेला असतो. कायद्यात असं आहे की करारात मुदत लिहिली नाही तर हक्क पाच वर्षांपुरतेच दिले असं धरतात. प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतेच. घेणाऱ्याने वर्षभरात हक्क वापरलेच नाहीत तर ते तुमच्याकडे परत येतात, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. करार करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं त्याला करार लागू होत नाही, नाव घेऊन लिहिलं नसेल तर. कायद्याने दिलेली ही चारही संरक्षणं काढून घेण्यासाठी ते वाक्य लिहिलेलं असतं. कॅसेटच्या काळातल्या त्या छापील कागदावर याच जातीचं वाक्य असायचं.

तुम्ही हक्क देऊ नका, परवाना द्या. मालकी तुमच्याकडे राहते, त्यांना ठरावीक गाणी, ठरावीक मुदतीसाठी, ठरावीक पद्धतीने वापरता येतात. चांगली कंपनी याला तयार होते. होत नसेल तर घाई तिला आहे, तुम्हाला नाही. तुमच्या टेपचं वय वाढेल तशी तिची किंमत वाढणार आहे.

बँडवाली मंडळीही मला नेहमी हक्कांचं विचारतात, म्हणून त्यांच्यासाठी दोन ओळी. लग्नाच्या वरातीत आणि लग्नाशी जोडलेल्या समारंभात गाणी वाजवणं हा कॉपीराइटचा भंग नाही, तशी सूट कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे. कोणी पावती घेऊन आलं तर घाबरू नका. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद, हा २००० चा ध्वनिप्रदूषणाचा नियम मात्र गाडीवरच्या कॅसिओ-स्पीकरलाही लागू होतो.

आता कॅसेट. हे काम कंपनीशी एक शब्द बोलण्याआधी करा, आणि कंपनीला मूळ कॅसेट कधीही पाठवू नका.

पत्र्याच्या पेटीतून त्या आजच बाहेर काढा, घरातल्या सगळ्यात गार खोलीत कपाटात उभ्या ठेवा. उष्णतेने फीत वाकते. प्रत्येक कॅसेटच्या पाठीमागच्या कडेला प्लास्टिकचे दोन छोटे कान असतात, ते मोडून टाका, म्हणजे चुकून वरून काही भरलं जाणार नाही. समोरच्या खिडकीतून पाहा: फितीच्या मागे पातळ पत्र्यावर फेल्टचा छोटा तुकडा असतो. तो गळून पडला असेल तर फीत हेडला नीट टेकत नाही आणि आवाज दबका येतो. कॅसेट खराब झाली असं समजून लोक टाकून देतात, खरं तर तेवढा तुकडा दुसऱ्या कॅसेटमधून काढून बसवला की ती वाजते. फितीच्या गुंडाळीवर पांढरी बुरशी दिसली तर वाजवू नका, जाणकाराकडे द्या.

डेक चांगला हवा, हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलेलं हवं. वाजवण्याआधी कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि मग मागे फिरवून घ्या, चिकटलेले वेढे सुटतात. मग हेडच्या बाजूचा छोटा स्क्रू. काकांच्या टेपरेकॉर्डरचं हेड ज्या कलाने बसवलेलं होतं त्याच कलाला तुमच्या डेकचं हेड आणायचं असतं. गाणं चालू ठेवून बारीक स्क्रूड्रायव्हरने तो किंचित फिरवत जायचं. एका जागी 'स', 'च' ही अक्षरं आणि बांगड्यांचा आवाज एकदम उजळतो, ती जागा बरोबर. प्रत्येक कॅसेटसाठी हे नव्याने करायचं. माझ्या मते जुन्या आवाजावर होणाऱ्या सगळ्या उपायांत हा सगळ्यात गुणकारी आहे, आणि बहुतेक ठिकाणी तोच करत नाहीत.

वेगाचाही प्रश्न येईल. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते. काकांनी लाइट नसताना सेलवर रेकॉर्डिंग केलं असेल आणि सेल उतरलेले असतील, तर तेव्हा फीत हळू चालली. आज ती योग्य वेगाने वाजवली की आजीचा आवाज पातळ आणि घाईचा येईल, जणू कोणी कमी वयाची बाई गाते आहे. रेकॉर्डिंग लाइटवर झालं असेल तर मागे विजेची बारीक घूं येते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. ती घूं संगणकावर मोजली आणि ५२ भरली तर वेग चार टक्क्यांनी वाढलेला आहे हे कळतं, तेवढा कमी करायचा. सेलवरच्या टेपला हा आधार नसतो. तिथे आजीसोबत गायलेल्या एखाद्या मावशीला, आत्याला बसवून ऐकवा. स्वतःचा आवाज माणूस लगेच ओळखतो, आणि कोणत्या वेगाला तो खरा वाटतो हे ती सांगेल. ती बसलीच आहे तर कोण कोण गातंय, कोणाचं अंगण, कोणता सण, तेही लिहून घ्या. गाण्याच्या नावात अहिराणी हा शब्द आणि गावाचं नाव घाला. लेवा बोली, तावडी, अहिराणी यांतला फरक पुढच्या पिढीला नुसत्या ऐकण्याने कळेलच असं नाही.

संगणकात घेताना २४ बिट, निदान ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल. एमपी३ नको. फितीची सरसर काढायचा मोह या मूळ प्रतीवर होऊ देऊ नका. साफसूफ जी करायची ती दुसऱ्या प्रतीवर. तीन प्रती: घरी एक, दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे एक, इंटरनेटवर एक. यूट्यूबवर कधी तुमच्याच गाण्यावर कोणी हक्काचा दावा लावला, लोकगीतांच्या बाबतीत हे होतं, तर तुम्ही हरकत घेतल्यावर दावा करणाऱ्याला ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तेव्हा कॅसेटचा फोटो, वारसांचा कागद आणि ही मूळ फाइल हाताशी असली की काम सोपं होतं.

हे सगळं झालं की कंपनीला साधं पत्र लिहा. रेकॉर्डिंगची मालकी आमच्या कुटुंबाकडेच राहील. निवडलेल्या गाण्यांसाठी तीन वर्षांचा परवाना देऊ, फक्त स्ट्रीमिंग आणि यूट्यूबसाठी. मूळ आवाजाचा वेग, सूर, लय बदलायची नाही, त्यावर काही मिसळायचं नाही. ठेक्यावरची आवृत्ती हवी असेल तर आमच्या भाचीच्या आवाजात नव्याने करा, तिचा वेगळा करार होईल. प्रत्येक गाण्यावर आजीचं नाव आणि गावाचं नाव. दर तीन महिन्यांनी व्ह्यूज आणि जमा रकमेचा लेखी हिशेब, आणि त्यातला ठरलेला टक्का; सुरुवातीची रक्कम त्या टक्क्यातली उचल म्हणून धरली जाईल. वर्षभरात गाणी बाहेर आली नाहीत तर परवाना आपोआप रद्द. हा मसुदा तालुक्याच्या एखाद्या वकिलाला दाखवा, आणि रकमेचं बोलणं त्यांनी या अटी लेखी मान्य केल्यानंतरच सुरू करा.